विटाळ कुणाचा?

कुत्रा इमानी आणि मांजर लबाड, असे आपण म्हणतो. दोन्ही विशेषणे आपणच बहाल केलेली. त्या जिवांना कुणी विचारायला गेले नव्हते. मुक्या प्राण्यावर गुण लादावेत तसेच दोषही लादावेत, हा माणसाचा जुना रिवाज. आता तो सूक्ष्मदर्शकाच्या भिंगापर्यंत येऊन पोचला आहे.

1988 साली प्रसिद्ध झालेली एक हकीकत आहे. इंग्लंडातील एका रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात एक मांजर मोकळे हिंडत असे. त्या वॉर्डात औषधाला दाद न देणाऱ्या एका जंतूने ठाण मांडले. तपासणी झाली तेव्हा तो शंभरातल्या अडतीस परिचारिकांच्या अंगी सापडला, गालिच्यांत सापडला, आणि मांजराच्या अंगावरही विपुल सापडला. मग स्वच्छतेचे उपाय झाले, मांजराला वॉर्डाबाहेर काढले आणि साथ आटोक्यात आली.

ही गोष्ट मी सातवीच्या वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग त्या परिचारिकांना का नाही काढलं?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. परिचारिकांना काढणे शक्य नव्हते, रोग्यांना कोण पाहणार? मांजर काढणे सोपे होते. उपाय म्हणून ते योग्यच होते, याविषयी माझे दुमत नाही. पण उपाय लागू पडला म्हणजे अपराधी सापडला, असे होत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; जंतुशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु या जंतूचे कूळ समजून घ्यायला फारशी विद्वत्ता लागत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असे त्याचे लांबलचक नाव. हा मूळचा माणसाच्या नाकातला भाडेकरू. आपल्यापैकी सुमारे प्रत्येक तिसऱ्या माणसाच्या नाकात तो बिनबोभाट राहतो. जखमेत किंवा रक्तात शिरला की मात्र जिवावर उठतो. पेनिसिलीनला तो लवकरच निर्ढावला. म्हणून 1959 साली मेथिसिलिन हे नवे औषध आले, आणि 1961 साली इंग्लंडातच त्यालाही न जुमानणारे वाण आढळल्याची नोंद झाली. कुत्र्यामांजरांच्या अंगावर त्याचे चुलतभाऊ असतात. पण माणसाचा हा जंतू त्यांच्यापाशी सापडला, तर तो बहुधा घरच्या माणसाकडून किंवा इस्पितळातून आलेला असतो. आपण मायेने मुका घ्यावा, त्याने हात चाटावा. देणे-घेणे झाले!

पुढे तो ज्याचा त्याला परतही मिळतो. अमेरिकेतील एका दांपत्याला याच जंतूचा त्रास पुन्हापुन्हा होई. उपचार करावेत, बरे व्हावे, की पुन्हा तेच. अखेर घरच्या कुत्र्याच्या नाकाची तपासणी केली. कुत्रा ठणठणीत, पण जंतू तोच! कुत्र्यावर उपचार झाले तेव्हा कुठे धन्याचे आणि धनिणीचे दुखणे थांबले. 2003 साली ही हकीकत वैद्यकाच्या नियतकालिकात आली.

हे वाचताना मला अलेक्झांडर फ्लेमिंगने योजलेले एक काल्पनिक जोडपे आठवते. 1945 साली नोबेल पारितोषिक घेतल्यावर केलेल्या व्याख्यानात त्याने ते उभे केले. नवऱ्याचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने पेनिसिलीन घेतो. जंतू मरावेत इतके नव्हे, शहाणे व्हावेत इतके. ते शहाणे जंतू बायकोला बाधतात, औषध चालत नाही, ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण? फ्लेमिंगने निकाल दिला, नवरा. बिचाऱ्याच्या मनात काळेबेरे काही नव्हते. पण इथेच आपल्या नीतिविचाराची पंचाईत होते. पाप म्हटले की आपण हेतू शोधतो. जो अपाय दिसत नाही, जो प्रेमाच्या स्पर्शातूनच जातो, त्याचे माप कशाने घ्यावे?

न दिसणारे काहीतरी स्पर्शाने संक्रमित होते, ही कल्पना आपल्या समाजाला परकी नाही. विटाळ हा शब्द आपण शतकानुशतके चालविला, आणि तो नेहमी दुसऱ्याचा मानला. जन्माच्या नावाने माणसांच्या सावलीचीसुद्धा शिवाशीव पाळली, पाणवठे तोडले. त्यात शास्त्राचा लवलेश नव्हता, अन्याय मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढा होता. म्हणूनच संसर्गाचे खरे शास्त्र हाती आले असता मला जरा धास्ती वाटते. बोट दाखविण्याची ती जुनी खोड या नव्या ज्ञानाला चिकटली तर? रस्त्यावरचा कुत्रा, शेजाऱ्याचे मांजर, कामाला येणारी बाई, असे ते बोट फिरू लागेल. शास्त्र तर उलटे सांगते आहे. हात धुवायचे ते कुत्रा ओंगळ म्हणून नव्हे; त्याला जवळ घेण्याआधीही धुवायचे, कारण देणारे बहुधा आपण असतो. निरोगी घरात भिण्याचे फारसे कारण नाही. घरात कुणाला उघडी जखम असेल, कुणी शस्त्रक्रियेहून आलेले असेल, तर थोडे दिवस अंतर राखावे, इतकेच.

नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, अशी कथा आहे. आपल्या घरांतून आजकाल कुत्र्यामागे उरलेल्या गोळ्यांची पट्टी घेऊन धावतात! स्वतःच्या खोकल्यातल्या चार शिल्लक, त्यांतली अर्धी त्याला. दुधात कालवून. जनावरांच्या डॉक्टरांचे पैसे वाचतात, हे खरे. पण त्या अर्ध्या गोळीने जंतूंची शाळा भरते, आणि तिथे नापास कोण होते हे कुणालाच दिसत नाही.

याहूनही अवघड जागा पुढे आहे. 2022 साली युरोपीय संघाने काही प्रतिजैविके केवळ माणसांसाठी राखून ठेवली. जनावरांना, मग ती घरची लाडकी असोत, ती देता येत नाहीत. व्हँकोमायसिन आणि लिनेझोलिडचे वर्ग त्यात आहेत, म्हणजे नेमकी या जंतूवरची हुकमी अस्त्रे. नियम मला पटतो. शेवटची काडतुसे जपूनच वापरली पाहिजेत. पण तिथल्या एखाद्या दवाखान्यात मांडीवर डोके टाकून पडलेला कुत्रा घेऊन कुणी बसला असेल. जंतू त्याच्याच नाकातून कुत्र्याकडे गेलेला, औषध जगात आहे, आणि कुत्र्यासाठी नाही. डॉक्टर त्याला नियम समजावून सांगत असतील, आणि कुत्रा सवयीने त्याचा हात चाटत असेल.