पुरलेला आणि उधळलेला

मत्तयच्या शुभवर्तमानातील तालंतांच्या दाखल्यावर आम्ही अनेक वर्षे प्रवचने करीत आलो आहोत. भयापोटी आपला तालंत जमिनीत पुरणाऱ्या चाकराचा धिक्कारही आम्ही यथास्थित करतो. परंतु ज्याने तो पुरला नाही, भर बाजारात मांडला आणि सर्वस्व गमावले, अशा चाकराविषयी दाखला मौन पाळतो. धनी त्याला काय म्हणाला असता?

मार्को पँतानी या इटालियन सायकलपटूचे जीवन पाहता हा प्रश्न टाळता येत नाही. १९७० साली जन्मलेला, चेझेनातिको या समुद्रकाठच्या गावी वाढलेला हा किरकोळ अंगाचा तरुण डोंगर चढू लागला की भल्याभल्यांचा दम उखडे. १९९५ साली शर्यतीत समोरून आलेल्या मोटारीवर आदळून त्याचा पाय मोडला. तरी तो परतला. १९९८ साली इटलीची ‘जिरो’ आणि फ्रान्सची ‘तूर’ या दोन्ही महाशर्यती त्याने जिंकल्या. एकाच वर्षी असा दुहेरी विजय पुन्हा कोणी मिळवावयास २०२४ साल उजाडले.

पुढच्याच वर्षी, ५ जून १९९९ रोजी, जिरो हाती आल्यातच जमा असताना तपासणीत त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण ५२ टक्के भरले. मर्यादा ५० ची. त्याला शर्यतीतून काढण्यात आले. त्यानंतर तो सावरला नाही. १४ फेब्रुवारी २००४ रोजी, घरापासून फारसे दूर नसलेल्या रिमिनीतील हॉटेलच्या खोलीत कोकेनने त्याचा अंत झाला. वय ३४, आणि जवळ कोणी नव्हते. १९९८ च्या तूरमधील त्याच्या नमुन्यांत ईपीओ हे निषिद्ध औषध होते, हे २०१३ साली फ्रेंच सिनेटच्या अहवालाने उघड केले.

फसवणूक ती फसवणूकच. जे औषधाला न शिवता मागे राहिले, त्यांच्यावरील अन्याय आमच्या करुणेने पुसला जात नाही. (त्यांची तर नावेही कोणी विचारीत नाही.) तरीही ‘वाया गेला’ हा शब्द उच्चारताना आमची जीभ अडखळते. विनोद कांबळींनी कोणाची फसवणूक केली नव्हती. तरी आपल्याकडे हाच शिक्का त्यांच्यावर बसला. १७ कसोटींत त्यांची सरासरी ५४.२०; २०० कसोटी खेळलेल्या बालमित्र सचिनची ५३.७८. जे दिले ते आपण मोजत नाही, उरलेल्याची मात्र वसुली मागतो. धन्याच्या आसनावर आपणांस कोणी बसविले?

आमच्या गोंदिया जिल्ह्यात रोवणीनंतर पाऊस दडी मारतो, बांधीतले धान करपते. शेतकऱ्याला कोणी वाया गेलेला म्हणत नाही. माणसाच्या पडझडीत त्याचा स्वतःचाही हात असतो, म्हणून ही उपमा पुरी पडत नाही, हे आम्ही जाणतो.

पोराला खेळात घालू का, असे पालक विचारतात. पूर्वी आम्ही जिद्द, शिस्त, मेहनत यांविषयी बोलत असू. हल्ली आधी एवढेच विचारतो : हरला, चुकला, तर तो घरी परत येऊ शकेल ना?