सालो म्हणे

गेल्या वर्षी एका काव्यस्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. गठ्ठ्यात एक कविता बरी निघाली. चांगलीच म्हणायला हवी. फक्त तिची पहिली ओळ माझ्या ओळखीची होती. जुन्या भावगीताचा मुखडा जसाच्या तसा, अवतरणचिन्हांशिवाय. सोबतच्या परीक्षकांनी आधी चाल गुणगुणून पाहिली, मग "ही चोरी आहे" म्हणत कागद बाजूला सारला. मी म्हटलं, पोराला विचारू तरी.

पोरगा विशीतला. जराही गडबडला नाही. "सर, हे गाणं अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. चोरायचंच असतं तर कुणाला माहीत नसलेलं चोरलं असतं ना?"

बिनतोड. मी विचारलं, "पण गाणं कोणाचं?"

"लताबाईंचं."

गाणं भा. रा. तांब्यांचं होतं. तांबे १९४१च्या डिसेंबरात ग्वाल्हेरला वारले. लताबाईंचं पहिलं ध्वनिमुद्रणसुद्धा त्यानंतरचं, आणि वसंत प्रभूंनी तांब्यांच्या कवितांना लावलेल्या चाली तर त्याहून बऱ्याच पुढच्या. कवीला ते गाणं कधी ऐकायला मिळालं नाही आणि ज्यांनी ऐकलं त्यांच्या हिशेबात कवी धरलेलाच नव्हता. पोराचं 'सगळ्यांना पाठ आहे' हे खरंच होतं. पण सगळ्यांना पाठ होता तो आवाज.

शब्दचोरीचा सगळ्यात तपशीलवार विचार आपल्याकडे हजारएक वर्षांपूर्वी झाला आहे. तो करणारा राजशेखर कनौजच्या प्रतिहारांच्या पदरी होता, पण आपल्या अकालजलद नावाच्या पणजोबांना तो 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणतो, तेव्हा थोडा आपलाही म्हणायला हरकत नाही. त्याच्या 'काव्यमीमांसे'त तीन अध्याय केवळ 'हरणा'वर आहेत. शब्द उचलणं वेगळं, अर्थ उचलणं वेगळं. अर्थातही आरशातल्या प्रतिबिंबासारखी उचल निराळी, चित्रात उतरवल्यासारखी निराळी, आणि दोन माणसं नुसती दिसायला सारखी असावीत तशी निराळी. आजचा टीकाकार दोन कविता शेजारी शेजारी ठेवून रंगीत खुणा करतो, त्यापेक्षा हे काम पुष्कळ बारीक आहे. बाकीच्या चोऱ्या काळाबरोबर विसरल्या जातात, वाणीची चोरी मात्र मुलानातवंडांपर्यंत पुरते, असं लोक म्हणतात, हेही तो नोंदवतो. हे त्याला घरातूनच ठाऊक असावं. कुणी कादंबरीराम नावाचा गृहस्थ अकालजलदाचे श्लोक स्वतःचे असल्यागत वापरून मोठा नाटककार झाला, असा टोमणा मारणारा श्लोक राजशेखराच्याच नावावर सांगितला जातो. म्हणजे चोरी झाली पणजोबांच्या घरी आणि बोंब मारली पणतूनं.

याच ग्रंथात त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिचं मतही नोंदलेलं आहे, आणि मला ते नवऱ्याच्या वर्गवारीहून जास्त आवडतं. उचलेगिरी कोणकोणत्या समजुतीवर खपते, याची ती यादीच देते. तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. त्याची वाणी गुळवेल, माझी द्राक्षं. त्याचं लिखाण जाणणारे आता उरले नाहीत. त्याचा कर्ता कुठल्याशा दूरदेशीचा. बाई थट्टा करते आहे की मनापासून बोलते आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण स्पर्धेतल्या त्या पोराची सबब तिच्या यादीत बसत नाही. तो म्हणत होता, मूळ इतकं प्रसिद्ध आहे की नाव घ्यायची गरजच नाही. ही सबब गाण्यांच्या काळातली आहे.

उर्दूवाल्यांनी ओळ उसनी घेण्याची सोयच केली. तरही मुशायऱ्यात ओळ आधीच दिलेली असते आणि तिच्यावर प्रत्येकानं आपली गझल रचायची. उसनी ओळ हाच तिथला परिपाठ. शिवाय दुसऱ्याच्या ओळी उघडपणे गुंफणं म्हणजे तज़मीन, दोघांना न ठरवता एकच सुचणं म्हणजे तवारुद, आणि चोरी म्हणजे सर्का. तीन गोष्टींना तीन शब्द. आपण तिन्हींना वाङ्मयचौर्य म्हणतो आणि मोकळे होतो.

आपल्या संतांनी नाव रचनेच्या आतच ओवलं. अभंग तोंडोतोंडी फिरणार, वही फाटणार किंवा बुडणार, म्हणून शेवटच्या कडव्यात नाममुद्रा. देहूच्या सालोमालोनं तिच्यावरच हात मारला, असं परंपरा सांगते. तुकोबांचे अभंग घ्यायचे आणि 'तुका म्हणे'च्या जागी 'सालो म्हणे' घालायचं. एका शब्दाची अदलाबदल. गाथेत त्याच्यावर अभंग आहेत आणि तुकोबांनी शब्द मुळीच राखून वापरलेले नाहीत. प्रभातच्या १९३६च्या 'संत तुकाराम'मध्ये हा सालोमालो खलनायक झाला, म्हणून तो घरोघर माहीत आहे.

गंमत अशी की त्याच चित्रपटात नेमका उलटा प्रकार घडला. त्यातलं बीज आणि झाडाचं गाणं शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी नवं लिहिलं. त्यात 'तुका म्हणे' नाही. तरी ते लोकांनी तुकोबांच्या खात्यावर जमा केलं. जाणकारही गाथा चाळत बसले. मी स्वतः एका शाळेच्या व्याख्यानात ते तुकोबांचं म्हणून सांगून आलो आहे, आणि एकाही मास्तरानं हटकलं नाही. सालोमालोनं तुकोबांचं नाव काढलं, आपण आठवल्यांचं काढलं. सालोमालो बदनाम झाला. आपल्याला कुणी काही बोललं नाही, कारण आपण ते भक्तीनं केलं.

कायद्याला यात फारसं करता येत नाही. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. तांब्यांचा कधीच संपला. हक्क विकले तरी नाव कवीचंच, एवढं कायद्याचं सत्तावन्नावं कलम मानतं. पण कोर्टात जाऊन 'हे गाणं लताबाईंचं नाही' असं म्हणणार कोण? ते लताबाईंचं आहेच, प्रभूंचंही आहे. म्हणून तर तांबे गळतात. गाण्यात तिघं असतात आणि आपल्या तोंडी एकच नाव मावतं. नवा कवी ओळ उचलतो तेव्हा ती आधीच बिननावाची झालेली असते, आणि तशी ती आपण गुणगुणून केलेली असते. त्यामुळे चोर पकडल्याचा माझ्या सहपरीक्षकांचा आनंद मला पुरता वाटून घेता येईना.

आम्ही त्या कवितेला दुसरं बक्षीस दिलं. अट एकच, ओळीला अवतरणचिन्हं घाल आणि खाली नाव लिही. पोरानं ऐकलं. स्मरणिकेत ठळक तळटीप आली: पहिली ओळ भा. रा. तांबे यांची. बक्षीस समारंभात सूत्रसंचालकांनी स्मरणिका हातात धरूनच त्याला बोलावलं आणि माईकवर म्हणाले, "आता ऐकू या लताबाईंच्या गाण्यावरून सुचलेली कविता." टाळ्या पडल्या. पोरानं माझ्याकडे पाहिलं.