भूत काढणाऱ्याने पुन्हा जावे काय?

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढे येणारा एक प्रश्न ह्या लेखात आपणांपुढे मांडावयाचा आहे. समजा, चाकणच्या आसपास एखाद्या वाडीत एक वयस्क गृहस्थ राहतो. पूर्वी तो देवऋषी होता. अंगारा, उतारा, लिंबू व वेत ही त्याची साधने होती. एके वेळी तापाने भ्रमिष्ट झालेली एक बाई त्याजपुढे आणण्यात आली. ‘हे बाहेरचे आहे,’ असे त्याने सांगितले, मिरचीची धुरी दिली व तीन रात्री तिला खांबास बांधून ठेविले. चौथ्या दिवशी ती मेली. तेव्हापासून त्याने तो धंदा टाकला. पुढे त्यास शुभवर्तमान समजले व तो मंडळीत आला. तथापि ती बाई त्याच्या डोळ्यांपुढून गेली नाही. आता एका रात्री जवळच्या भाड्याच्या खोल्यांतील लोक त्याचे दार ठोठावतात व म्हणतात, ‘आमची मुलगी ओरडते, अंग आपटते, परक्या आवाजात बोलते. बाबा, तुम्हीच चला.’ त्याने जावे काय?

हा प्रश्न जुन्या काळचा झाला, असे कोणी समजू नये. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे पिंपरी, चिंचवड व भोसरी येथे कारखान्यांची गर्दी झाली. चाकणच्या माळावर मोटारी बनू लागल्या. परंतु ज्या भूमीत औषध बनते, त्याच भूमीत लिंबू-मिरचीही टांगली जाते. दूरदूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून लोक येथे पोटासाठी येतात. पुरुष रात्रपाळीस जातो, बायको दिवसभर एका खोलीत एकटी असते, सासर-माहेर दोन्ही शेकडो मैल दूर. अशा घरात दुखणे शिरले की त्यास काय म्हणावे हेच कोणास कळत नाही. मग जो त्यास नाव देईल, त्याच्या पायांवर लोक डोके ठेवतात. देवऋष्याचे सामर्थ्य मंत्रात नव्हे, ह्या एकटेपणात आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. त्यास लोक दोन उत्तरे देतात. कित्येक म्हणतात, ‘त्यास विद्या येते, मुलगी तळमळत असता तो घरी बसून राहील, तर ते पाप होय.’ दुसरे म्हणतात, ‘त्याच्या हातून जीव गेला, त्याने पुन्हा त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवू नये.’ दोन्ही उत्तरांत काही सत्य आहे. पण दोन्ही अपुरी आहेत.

पहिल्या उत्तराचा विचार प्रथम करू. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे झटले, तो त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. त्याच्या अनुसूचीतले पहिलेच कलम भूत उतरविण्याच्या निमित्ताने होणाऱ्या क्रूरतेविषयी आहे. दोराने वा साखळीने बांधणे, काठीने अगर चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, पादत्राणे भिजविलेले पाणी पाजणे, ही सर्व कृत्ये त्यात सांगितली आहेत. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत आहे. म्हणजे ज्यास विद्या म्हणतात, तिचा मोठा भाग दुर्बळास मारणे हाच होता, आणि तो राज्याच्या कायद्याने गुन्हा ठरला आहे.

‘पण मी ख्रिस्ताच्या नावाने करीन, व मनोभावे करीन,’ असे कोणी म्हणेल. मनोभावाने सर्व निभावते काय? जर्मनीत क्लिंगेनबर्ग गावी अपस्माराचे झटके येत असलेली एक २३ वर्षांची तरुणी होती. दोन धर्मगुरूंनी बिशपांच्या परवानगीने तिच्यावर ६७ वेळा भूत काढण्याचा विधी केला. ती अन्नपाण्यावाचून सुकत गेली व १ जुलै १९७६ रोजी मरण पावली. १९७८ साली न्यायालयाने त्या दोघांस व तिच्या आईबापांसही दोषी ठरविले. ते लबाड नव्हते. पैशासाठीही त्यांनी ते केले नाही. त्यांची प्रार्थना मनापासूनची होती, आणि मुलगी मेली. बंधूंनो, साधनाचे नाव बदलल्याने साधन शुद्ध होत नाही.

येथे कोणी विचारील, ‘मग अशुद्ध आत्मे नाहीतच, असे तुमचे म्हणणे आहे काय?’ ह्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. मुलीस आजार असो वा आत्म्याची पीडा असो, प्रभूने कोणासही वेताने मारिले नाही, कोणासही बांधिले नाही. मार्काच्या ५ व्या अध्यायातील भूतग्रस्त मनुष्यास साखळ्या घातल्या होत्या, त्या गावकऱ्यांनी. प्रभूची भेट झाल्यावर तो वस्त्र नेसून, शुद्धीवर येऊन बसलेला लोकांस दिसला; आणि प्रभूने त्यास त्याच्या घरच्यांकडे पाठविले. त्याच शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात प्रभू आजारी मुलाच्या बापास प्रथम विचारतो की हे ह्यास किती दिवसांपासून होत आहे. दवाखान्यातला डॉक्टरही प्रथम हेच विचारतो. मुलगा प्रेतवत पडला, तेव्हा प्रभूने त्याचा हात धरून त्यास उठविले.

आता दुसरे उत्तर, म्हणजे त्याने घरीच बसावे. ह्यास लोक पश्चात्ताप म्हणतात. परंतु नीट पाहिले, तर ह्यात त्या मुलीपेक्षा स्वतःचाच विचार अधिक आहे. माझे हात पुन्हा मळू नयेत, माझे मन पुन्हा जळू नये, एवढेच तो पाहतो. दार लावून घेतल्याने त्याची झोप कदाचित वाचेल. लोक मात्र त्याच रात्री दुसऱ्या देवऋष्याकडे जातील, व त्याच्याजवळ वेत असेल. इफिस येथे जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके सर्वांदेखत जाळिली. त्यांची किंमत ५०,००० रौप्य नाणी भरली, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. त्यांनी पुस्तके जाळिली. शेजारी सोडून दिले, असे तेथे लिहिलेले नाही.

मग त्याने काय करावे? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात एन-दोर येथील स्त्रीची गोष्ट आहे. भूतविद्येचा धंदा शौल राजाने देशातून बंद केला होता. तोच राजा वेष पालटून रात्री तिच्याकडे आला. ती भ्याली, नको म्हणाली. परंतु राजाने शपथ वाहिली व तिने जुनी विद्या पुन्हा हाती घेतली. त्या विद्येने शौलास काय मिळाले? केवळ नाशाची वार्ता. तो भूमीवर पालथा पडला. दिवसभर व रात्रभर त्याने अन्न खाल्ले नव्हते. तेव्हा त्या स्त्रीने त्याची आर्जवे केली, घरचे पुष्ट वासरू कापिले, पीठ मळून बेखमीर भाकरी भाजिल्या व त्यास जेवू घातले. त्या रात्री तिने दोन कामे केली. एकासाठी लोक तिला शोधत येत, व ते निष्फळ झाले. दुसरे कोणीही शेजारीण करील असे होते, आणि त्याच्याच बळावर तो मनुष्य उठून चालू लागला.

म्हणून माझे उत्तर हे आहे: त्याने जावे, पण रिकाम्या हातांनी जावे. वेत नको, अंगारा नको, लिंबू नको; आणि ‘मी भूत काढीन’ हा शब्दही नको. त्याने मुलीजवळ बसावे. ती किती दिवस झोपली नाही, काय खाल्ले, ताप आहे काय, घरात कोणी तिला मारतो काय, हे विचारावे. हे विचारण्यास तोच योग्य आहे, कारण ‘बाहेरचे’ म्हणून जे आणीत, त्याच्या आत घरातलेच काय दडलेले असे, हे त्याने शंभर घरांत पाहिले आहे. त्याने प्रार्थना करावी. पण ती हळू व थोडक्यात असावी, म्हणजे मुलगी घाबरणार नाही. आणि उजाडताच त्याने त्यांच्याबरोबर पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात अगर येरवड्याच्या मनोरुग्णालयात जावे. रात्रीच सल्ला हवा असेल, तर सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून चालविलेल्या टेलिमानस ह्या सेवेस १४४१६ ह्या क्रमांकावर विचारता येते. देवऋष्याने ‘दवाखान्यात चला’ म्हटलेले लोक ऐकतात; आम्हां उपदेशकांचे तितके ऐकत नाहीत. त्याच्या गतायुष्यातून उरलेले हेच एक धन आहे, व ते त्याने खर्च करावे.

जाताना त्यास भय वाटेल. वाटू द्यावे. जो उत्साहाने त्या कामास परत जातो, त्याची मला अधिक काळजी वाटते. कारण लोक पायां पडले की जुना मान पुन्हा गोड लागतो, व तोच ह्या मनुष्याचा खरा सैतान होय. त्याने भिऊन जावे व श्रेय न घेता परतावे.

आणखी एक घर उरते. मेलेल्या बाईची मुले कोठेतरी राहत असतील. देवाने क्षमा केली, म्हणून माणसांचे ऋण फिटले असे नाही. जक्कयाने तारण पावल्या दिवशीच, ज्यांस फसविले त्यांस चौपट परत देण्याचे वचन दिले. जीव चौपट परत देता येत नाही. परंतु त्या दारी जाऊन ‘तुमच्या आईस बाहेरचे नव्हते, ताप होता, आणि चूक माझी होती,’ एवढे सत्य देता येते. त्या मुलांच्या माथी ‘भुताने धरलेलीची पोरे’ हा डाग बसला असेल, तर तो पुसणारा जगात हा एकच मनुष्य आहे. त्यांनी क्षमा केली तर देवाचे उपकार मानावे; न केली तर निमूटपणे परत यावे व पुढेही त्यांच्या उपयोगी पडावे.

उपदेशक बंधूंनो, ही केवळ देवऋष्याची गोष्ट नव्हे. लोक आम्हांसही तेलाची बाटली घेऊन बोलावितात, व अंगाऱ्याची जागा तेलाने भरून निघते. तेव्हा आपण कोणत्या हातांनी त्या घरात जातो, हे प्रत्येकाने उंबरठ्यावरच पाहावे. दुखणाईताचा हात धरण्यास दोन्ही हात मोकळे लागतात.