चिठ्ठी कुणाची?

रत्नागिरीत राम आळीच्या आसपास संगणक दुरुस्तीचं एक लहानसं दुकान होतं. एका शाळेचे जुने संगणक तिथे आले होते. त्यांच्यावर लिनक्स मिंट ही संगणकप्रणाली चढवायचं काम काकांनी हाताखालच्या पोराला दिलं.

पोराने डाउनलोडची वाट पाहिली नाही. मित्राकडून पेनड्राइव्ह आणला. त्यात ती मोठी फाइल होती, आणि सोबत चिठ्ठीसारखी एक छोटी फाइल. चिठ्ठीत हॅश होता, म्हणजे फाइलीवरून काढलेली 64 अंक-अक्षरांची ओळ.

"तपासलीस?" काकांनी विचारलं.

"हो काका. फाइलीचा हॅश काढला. चिठ्ठीशी तंतोतंत जुळला."

"चिठ्ठी कुणी लिहिली?"

"मित्रानेच."

प्रिंटरसाठी खोळंबलेले एक आंबेवाले हसले. "म्हणजे पेटी भरणाऱ्यानंच वर 'रत्नागिरी हापूस' छापलंन!"

काकांनी 2016 च्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगितली. याच लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात कुणी शिरलं आणि डाउनलोडचा दुवा फिरवून ठेवला. नाव तेच, आत मात्र चोरवाट. लोकांनी विश्वासाने फाइल उतरवून घेतली.

मग काकांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावरून हॅशची यादी घेतली. दुवा फिरवणाऱ्याला यादी फिरवायला कितीसा वेळ? म्हणून यादीवरची डिजिटल सही त्यांनी आपल्याकडे आधीपासून असलेल्या लिनक्स मिंटच्याच किल्लीने पडताळली. सही खरी निघाली. पोरगा यादीतली ओळ चिठ्ठीशी ताडून वाचू लागला. पहिलंच अक्षर चुकलं, पुढचीही बहुतेक चुकली. एसएचए-256 चं तसंच असतं, फाइलीतला एक बिट बदलला तरी अख्खी ओळ पालटते.

"फसवलंन मला!" पोरगा तणतणला आणि त्याने फोन लावला.

मित्राने फसवलं नव्हतं. त्याचं डाउनलोड मध्येच तुटलं होतं, जोडून घेताना फाइल बिघडली होती. त्याने त्या बिघडलेल्या फाइलीचाच हॅश काढून प्रामाणिकपणे लिहून ठेवला होता.

हॅश खोटं बोलत नाही, पण तो एवढंच सांगतो की ही फाइल आणि चिठ्ठीतली फाइल एकच. ती अस्सल आहे का, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या हातावर ठरतं. माल देणाऱ्याचीच साक्ष काढली, तर ती जुळणारच.

फोन ठेवता ठेवता मित्र म्हणाला, "अरे, तीच फाइल आणखी दोघांनी नेलीय."

पोराने आधी त्या दोघांचे नंबर लिहून घेतले. मग नवी फाइल उतरवायला लावली.