झाकण बसेना

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की ते पातेलं स्वतःच बोंब मारायचं. तळ पिवळट दिसायला लागायचा, ताक राहिलं तर कळकायचं. मग गल्लीत कल्हईवाल्याची हाक आली की भाता, नवसागर, कथलाची पट्टी आणि कापसाचा बोळा, एवढ्यावर भांडं पुन्हा चकाकायचं. प्लास्टिकच्या डब्याला असा कारागीर नाही. त्याचं आयुष्य सरलं हे स्वयंपाकघरातल्या माणसालाच ओळखावं लागतं. आणि तो फुटत नाही, म्हणून आपण ओळखत नाही.

केज तालुक्यातल्या आमच्या युसूफ वडगावच्या बाजूला फळीवरचा निम्मा संसार फुकटात आलेला असतो. श्रीखंडाचा डबा, आइस्क्रीमचा डबा, गोळ्या-बिस्किटांची बरणी. सामान संपलं, डबा राहिला. तो टाकवत नाही, आणि टाकूही नये. पण तो कशासाठी बनला होता ते तरी बघावं. बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. 1 म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. ते 70-80 अंशांच्या आसपासच मऊ पडतं. उकळता चहा ओतला की बाटली आवळून येते, ती त्यामुळेच. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते उष्णता बरीच सोसतं. तरी कढत वरण कुठल्याच प्लास्टिकमध्ये ओतू नये, असं माझं मत.

हळदीच्या पिवळ्या डागाला मात्र उगाच भितात. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलासोबत प्लास्टिकमध्ये मुरतो. डबा उन्हात ठेवला की डाग फिका पडतो. फक्त तेच ऊन रोज रोज लागलं तर डबा ठिसूळ होतो, हेही खरं. खरी खूण बोटाला कळते. गरम पाण्यानं, साबणानं धुऊनही डबा चिकट लागतो? आतून नख फिरवलं की तारेच्या घासणीचे चरे लागतात? त्या चऱ्यांत तेल आणि घाण बसते, मग कितीही घासा. लोणच्याच्या डब्यात साखर भरली आणि चहाला लोणच्याचा वास आला, तर त्या डब्याचं अन्नाचं काम संपलं. झाकण बसेना झालं तरी तेच. पावसाळ्यात डाळीला ओल आणि किडे लागतात ते त्याच फटीतून.

दसऱ्याच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातली बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काचेची बरणी टिकायची नाही. कोपीत प्लास्टिकच सोयीचं, आणि त्यावरून शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. इतकंच की चांगले डबे कोरड्या जिन्नसांना ठेवावेत आणि तेल, लोणचं, गरम कालवण यांच्यासाठी एक-दोन स्टीलचे डबे बांधून घ्यावेत. सगळं एकदम बदलायला पैसे कुठून आणायचे? आधी तेलाचा बदलावा. बाद झालेल्या डब्यात खिळे, सुतळी, चपलेचा पट्टा खुशाल ठेवा. चूल पेटवायला मात्र तो वापरू नका. तो धूर भाकरी थापणारीच्याच नाकात जातो.

एका डब्याला तर जुना व्हायचीही वाट बघायची नाही. कपाशी-सोयाबीनवर फवारलेल्या औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी पाण्याला, तेलाला, दळणाला चालत नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांतही रिकामी वेष्टनं पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ती फोडून वस्तीपासून लांब पुरावीत, असंच सांगितलं आहे. फवारणी संपली की घरी यायच्या आधी, शेतातच, त्या कॅनला विळ्यानं भोक पाडा.