न दिसणाऱ्याचे वजन

एका गावी कीर्तनात आम्ही बोलून गेलो की, शास्त्रज्ञ डोळ्यांना दिसेल तेवढेच खरे मानतात. आरती झाल्यावर शाळेतला एक मुलगा पाया पडला नि म्हणाला, "महाराज, अबूच्या दुर्बिणीने ग्रह शोधला, तो तर कुणीच पाहिलेला नाही." आम्ही निरुत्तर झालो. चौकशी केली, तेव्हा मुलाचेच खरे निघाले.

गोष्ट २०२३ सालची. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने ७३१ प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा एक ग्रह निश्चित केला. नाव टीओआय-४६०३ बी. ताऱ्याच्या झगझगाटात तो दिसत नाही. मग कळला कसा? टेस नावाच्या अमेरिकन उपग्रहाला त्या ताऱ्याचा उजेड मधूनच किंचित मंद झालेला आढळला. काहीतरी आड येत होते.

येथे न्यायशास्त्र शिकलेला मनुष्य सावध होतो. धुरावरून अग्नी ओळखावा हे खरे, पण धुकेही लांबून धुरासारखेच दिसते. दोन तारे एकमेकांच्या आड आले तरी उजेड मंदावतोच. म्हणून गुरुशिखरावरील १.२ मीटरच्या दुर्बिणीला जोडलेल्या 'पारस' यंत्राने ताऱ्याचा प्रकाश फोडून तपासला. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे डुलतो. फेरी सव्वासात दिवसांची. मंदपणावरून आकार कळला, डुलण्यावरून वजन. आकार जवळजवळ गुरूएवढा, वजन मात्र सुमारे तेरा पट! घनता पाण्याच्या चौदा पट, म्हणजे शिशाहूनही अधिक. पण तो शिशाचा गोळा नव्हे. आपल्याच भाराने तो आत दाबला गेला आहे.

आता कुणी म्हणेल, "पाहा, न दिसणारा देवही असाच सिद्ध झाला!" कीर्तनकाराच्या जिभेवर हे वाक्य चटकन येते, लोक मानाही डोलावतात. आमच्या मते तसे म्हणू नये. त्यांनी ते अनुमान कष्टाने मिळवले, दोन बाजूंनी पारखले. ते उसने घेऊन आपण मिरवणे बरे नव्हे. श्रद्धेला आधार साधनेचा असावा.

घ्यायचे ते निराळेच. माणसांविषयी आपण एकाच खुणेवर निकाल देतो. गळ्यात माळ नाही, म्हणून अभक्त. चार शब्द बोलत नाही, म्हणून अडाणी. आकार पाहिला, वजन केलेच नाही! शास्त्रज्ञांविषयी आम्हीही तेच केले होते.

पुढे त्याच गावी उभे राहिलो, तेव्हा आधी ते वाक्य भर सभेत परत घेतले. मग अभंग लावला. मुलगा पुढेच बसला होता.