दुबार पेरणी

गेल्या वर्षी दिवाळीत गावी आलो तेव्हा हिंगोलीतल्या एका अभ्यासिकेत बोलायला बोलावलं. पुण्यात आयटीत असलेला पोरगा सुट्टीला आला की त्याला धरून 'मार्गदर्शन' करायला लावतात, तसलाच प्रकार. अकरावी-बारावीची चाळीसेक मुलं होती. मी स्लाइड्स दाखवल्या, प्रत्येकाला एकेक कागद दिला आणि पाच वर्षांनी आपण कोण असू ते लिहायला सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "दादा, पेन्सिलनं लिहिलं तर चालतंय का?"

मी म्हणालो, "पेन्सिलनं किराण्याची यादी लिहितात. ध्येय पेनानं लिहायचं."

टाळ्या पडल्या. घरी जाईपर्यंत मला ते वाक्य भारी वाटत होतं. रात्री जेवताना आईनं सहज सांगितलं की मावशीचा मुलगा याही दिवाळीला आला नाही, आणि माझा घास तोंडातच फिरायला लागला.

हा मावसभाऊ माझ्याच वयाचा. बीएस्सी झाल्यावर तो स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेला. तिसऱ्या वर्षी पूर्वपरीक्षेचा निकाल लागला त्या रात्री त्याचा मला फोन आला होता. "सोडून द्यावं वाटतंय," म्हणाला. आमचं रिलीज चालू होतं, माझं अर्धं लक्ष स्क्रीनवर. मी म्हणालो, "तीन वर्षं घातलीस, आता कसलं सोडतोस?" फोन दोन मिनिटांत संपला. त्यानंतर त्यानं आणखी तीन वर्षं घातली. निवड झाली नाही.

त्याच सुमारास आमच्या टीमनं अकरा महिने खपून लिहिलेलं एक फीचर अर्ध्या तासाच्या मीटिंगमध्ये बंद केलं होतं. पुढे किती खर्च आणि पुढे किती फायदा एवढंच पाहिलं, गेलेले अकरा महिने कुणी हिशोबात धरले नाहीत. मलाही ते शंभर टक्के पटलं होतं. मग कोडच्या बाबतीत जे शहाणपण, ते भावाच्या बाबतीत मला पळपुटेपणा का वाटलं?

यावर मी वर्षभर अधूनमधून विचार करतोय. मला वाटतं, आपण ध्येय आणि वचन यांत गल्लत करतो. वचन दुसऱ्याला दिलेलं असतं, ते मोडलं की दुसऱ्याचं नुकसान होतं, म्हणून ते पाळण्यात नीती आहे. ध्येय हा एक अंदाज असतो. आज मला माझ्याबद्दल आणि जगाबद्दल जेवढं कळतं, त्यावरून बांधलेला. सतराव्या वर्षी बांधलेला अंदाज तेविसाव्या वर्षी चुकीचा निघाला, तर त्यात बेइमानी कसली? पण आपल्याकडे ध्येय फार काळ एकट्याचं राहत नाही. भाऊ पुण्याला निघाला त्याच दिवशी गावातले लोक त्याला 'साहेब' म्हणायला लागले. मावशीच्या घरी दर महिन्याला पैसे बाजूला निघायला लागले. बघता बघता त्याचा अंदाज सगळ्यांना दिलेलं वचन झाला, आणि तो शब्द मोडायचा कसा हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं.

माझ्या स्लाइड्सवर 'स्मार्ट' ध्येयांचं सूत्र होतं. आता ते शाळांच्या भिंतींवरही दिसतं. नंतर शोधलं तर कळलं, जॉर्ज डोरन नावाच्या माणसानं १९८१ साली एका व्यवस्थापनाच्या मासिकात ते मॅनेजर लोकांसाठी लिहिलं होतं. आपण त्यातल्या 'ए'चा अर्थ 'गाठता येण्याजोगं' असा सांगतो. मुळात तो होता 'असाइनेबल', म्हणजे काम कुणाच्या अंगावर टाकायचं ते. वाचून हसू आलं आणि थोडं कसंतरीही झालं. कारण त्या चाळीस कागदांवरची बरीचशी ध्येयं अशी अंगावर टाकलेलीच होती: कलेक्टर, डॉक्टर, पीएसआय, पुन्हा कलेक्टर.

कलेक्टर व्हायचं स्वप्न पाहू नये असं मी म्हणत नाही. फक्त आकडा समोर असावा. २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेला ११ लाख ३५ हजारांवर अर्ज आले, ५ लाख ७३ हजार जण पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले आणि शेवटी ९३३ जणांची शिफारस झाली. बसलेल्या हजारामागे दोनही नाहीत. उरलेल्यांना दुसरं काहीतरी करावंच लागतं. म्हणजे ध्येय बदलणं हा इथे अपवाद नाही, बहुतेकांच्या वाट्याला तेच येणार आहे. आणि त्याचीच तयारी कुठल्याही क्लासमध्ये नसते.

यावर आमच्या वडिलांचा आक्षेप असा, की बदलायची मुभा आधीच दिली तर पोरं पहिल्या चढालाच खाली बसतील. हा आक्षेप मला खरा वाटतो. नुसतं 'मन रमत नाही' म्हणून सोडणं आणि पूर्ण विचारांती सोडणं बाहेरून सारखंच दिसतं. फरक ओळखायचा कसा?

याचं एक चांगलं उत्तर आमच्याच जिल्ह्यात येऊ घातलंय. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. केंद्रानं २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या मूळ लायगोनं २००२ ते २०१० या काळात निरीक्षणं घेतली आणि गुरुत्वीय लहर एकही सापडली नाही. निकालापुरतं पाहिलं तर आठ वर्षं नापास. पण त्यांच्याकडे निकालाशिवाय आणखी एक माप होतं, उपकरण किती बारीक हालचाल टिपू शकतं याचं. ते माप सुधारत सुधारत २००५ च्या सुमारास ठरवलेल्या पातळीला पोचलं होतं. म्हणजे यंत्र सांगितल्याप्रमाणे चाललंय, फक्त आणखी संवेदनशील हवं, हे त्यांना कळत होतं. पुढच्या टप्प्यात यंत्र बदलायचं हेही आधीपासून ठरलेलं होतं. त्यांनी ध्येय ठेवलं, यंत्र बदललं, आणि १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली. भावाला मी तेव्हा एवढंच विचारायला हवं होतं: पास-नापास सोड, तुझं माप सरकतंय का? मार्क दरवर्षी वाढतायत, की तिथंच आहेत? चुकतंय ते कुठे, अभ्यासाच्या पद्धतीत की मुळात ही परीक्षा निवडण्यात?

पण लायगोकडे पैसा होता. त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे आमचं सोयाबीन. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं. तरी कधी घाई होते, कधी पेरल्यावर पाऊस ओढ देतो. मग वडील शेतात जाऊन ओळीत किती उगवलंय ते मोजतात. थोडी तूट असेल तर नांग्या भरायच्या. फारच विरळ असेल तर मोडायचं आणि दुबार पेरायचं. आणि साधारण १५ जुलै उलटला की सोयाबीनचा नाद सोडून तूर, सूर्यफूल, एरंडी असं काहीतरी बघायचं. हे करणाऱ्याला गावात कुणी पळपुटा म्हणत नाही. उलट ऑगस्टमध्ये सोयाबीन पेरणाऱ्यालाच हसतील. तेच गाव एकोणतिशीतल्या पोराला मात्र 'अजून एक अटेम्प्ट दे' म्हणतं.

अर्थात दुबार पेरणीत बियाणं दुसऱ्यांदा विकत घ्यावं लागतं, बहुतेकदा उधारीवर. इथे माझ्यासारख्यानं तोंड सांभाळून बोलावं. पगार चालू असलेल्या माणसानं 'बिनधास्त बदल' म्हणणं, हे 'पेनानं लिही' म्हणण्याइतकंच फुकटचं आहे. पैसेवाल्या घरच्या मुलाला दोन-तीनदा पेरता येतं. तो एक वर्ष थांबला तर त्याला गॅप म्हणतात, आमच्याकडचा थांबला तर वाया गेला म्हणतात. ज्याच्याकडे एकच पिशवी आहे त्याला मदत करायची, तर तारीख आणि अट पेरणीच्या आधी ठरवायला हवी, आणि ती घरच्यांसमोर ठरायला हवी. म्हणजे पुढे ती वेळ आलीच, तर पोराला शब्द मोडावा लागत नाही. बदलण्याची अट त्या शब्दातच असते. शिवाय निकालाच्या रात्री काही ठरवायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रॉडक्शनला पाठवायचा नाही, हे आम्हीही ठेचा खाऊनच शिकलो.

यंदा पुन्हा अभ्यासिकेनं बोलावलं. कागद नवा केला होता. ध्येयाच्या खाली तीन चौकटी: निकाल सोडून कोणतं माप बघणार, ते कधी बघणार, आणि काय दिसलं तर बदलणार. सगळ्यात खाली घरच्या एका माणसाची सही. मागच्या वर्षीची ती मुलगी आली नव्हती. नर्सिंगला लागली असं कुणीतरी सांगितलं. तिच्या कागदावर काय होतं ते मला आठवेना.

भाऊ मात्र यंदा दिवाळीला आला होता. ओसरीत बसून त्यानं तो कागद दोनदा वाचला, उलटा करून मागचीही बाजू बघितली.

"चांगलाय," म्हणाला. "पण त्या रात्री मला कागद नको होता. तू लॅपटॉप बंद करायला पाहिजे होतास."